तक्त्याची चौथी ओळ

बसचालकाची उद्या डोळे तपासणी होती, म्हणून त्याच्या बायकोने आज शिवणयंत्रावर कापड टाकून सुट्टी घेतली. डोक्याला जरा वारा लागू दे, म्हणत दोघं शहरातल्या त्या अवाढव्य बागेत आली आणि फाटकाशी जोडीने चालवायची लांबलचक सायकल भाड्याने घेतली. पुढे अर्थातच तो. सत्तावीस वर्षं बस हाकलेला माणूस मागे बसून नुसती पायडलं मारणार होय?

वर्षभरात त्याची नजर पार विरत आली होती. हे फक्त बायकोला ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची. डेपोच्या डॉक्टरकडचा अक्षरांचा तक्ता कैक वर्षं बदललेला नव्हता आणि डॉक्टर चार ओळी वाचून घेऊन सही ठोकायचा. तिने तो तक्ता गुपचूप उतरवून आणला होता. महिनाभर रोज जेवणं झाली की घोकंपट्टी चाले.

"प, ल, ट, ग," तो पायडल मारता मारता पुटपुटत होता.

"अहो, आज तरी पुरे करा ते."

"नापास झालो तर घरी बसवून काजं करायला लावशील."

"तुमच्या हातची काजं? आहेत ती गिऱ्हाइकं पळतील माझी!"

तो खदखदून हसला. तळ्याला वळसा झाला, उंच झाडांखालचा गार रस्ता झाला. मागून तिची बोटं काम करत होती. डाव्या खांद्यावर टिचकी म्हणजे डावीकडे, उजव्या खांद्यावर म्हणजे उजवीकडे, दोन्ही हात पाठीवर म्हणजे ब्रेक. बाजारात चालताना लागलेली ही सवय आता इतकी मुरली होती की आपण सांगतोय हे तिला जाणवत नसे आणि आपल्याला कुणी सांगतंय हे त्याला. हिरवळीवर बसून पाव आणि उकडलेली अंडी खाताना तिला वाटून गेलं, निभेल. निवृत्तीला दोनच तर वर्षं राहिलीत.

परतताना होड्यांच्या धक्क्याजवळ उतार लागला. वाऱ्याने तिची टोपी उडू पाहत होती, तिने ती दोन्ही हातांनी धरली. वाटेत मधोमध चारेक वर्षांची पोर उकिडवी बसून खडे वेचत होती. अंगात लालभडक फ्रॉक. सायकल सरळ तिच्यावर निघाली होती.

बायको किंचाळली आणि तिने सगळं अंग एका बाजूला झोकून दिलं. सायकल आडवी झाली, दोघं खडीवर घसरली.

"वेड लागलंय का तुला?" तो कोपर चोळत ओरडला. "रिकाम्या रस्त्यात पाडलंस की!"

"पोर होती, अहो."

"कुठली पोर?"

पोर त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. मुठीत खडे घट्ट धरून, तोंडातून आवाज न काढता त्याच्याकडे बघत होती. आई धावत येऊन तिला उचलून घेऊन गेली, तेव्हा कुठे त्याचा चेहरा पांढरा पडला.

त्याने सायकल उचलून उभी केली. मग म्हणाला, "तू हात काढलेस म्हणून झालं. बसमध्ये मी उंच बसतो, तिथून दिसतं."

आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. राखत असेल. पण बसमध्ये चाळीस माणसं असतात आणि चालकाच्या पाठीवर कुणाचा हात नसतो. हे सगळं आपणच चालू दिलं, या विचाराने तिला स्वतःची किळस आली. थेट 'सोडा आता' म्हणायची सोय नव्हती. एकदा म्हटलं होतं. "बस गेली तर माझं राहतं काय?" म्हणून तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता.

सायकल परत देऊन दोघं फाटकाजवळच्या बाकावर टेकली. त्याने स्वतःहून सुरुवात केली. तीन ओळी बिनचूक. चौथी, "न, घ, द, र."

"चुकलं," ती म्हणाली.

"अगं, काल तर हेच होतं!"

"काल माझ्याही लक्षात आलं नाही. न, घ, व, स."

त्याने तिच्या हातातला तक्त्याचा कागद ओढून नाकाशी नेला, थोडा लांब धरला, परत जवळ आणला. मग तिच्या हाती परत दिला. तिने चौथ्या ओळीतल्या 'द, र' वर अंगठा ठेवून त्याची घडी घातली.

"बरं झालं, वेळेवर धरलंस," तो म्हणाला. "तू नसतीस तर उद्या माझं काही खरं नव्हतं."

तिने मान हलवली. तो डोळे मिटून घोकू लागला, "न, घ, व, स. न, घ, व, स." दोनदा अडखळला, तिने दोन्ही वेळा सांगितलं. ओळ पक्की होईपर्यंत ती त्याच्याकडून म्हणवून घेत राहिली.