आईचा 'कोला'

क्लुंगकुंग शहरात कुणाच्या घरी मुलीला मागणी घालायला जायचं असलं, की लोक सुमेर्ताला सोबत नेत. कुणासमोर स्वतःला काय म्हणायचं, हे त्याच्याइतकं कुणालाच जमत नसे. पुरोहितापुढे तो 'तितियांग' होई, परक्या माणसांत 'तियांग', आणि झुंजीच्या कोंबड्यांपाशी मित्रांत बसला की नुसता 'चांग'. माणूस एकच, पण उंबरा बदलला की त्याचा 'मी' बदलायचा. तो मुळात समोरच्या नुसा पेनिदा बेटावरचा, समुद्री शेवाळ पिकवणाऱ्या बाईचा मुलगा, हे लोक विसरून गेले होते. त्यानंही कधी आठवण करून दिली नव्हती.

त्या सकाळी सगळे, जिच्या अंगात पूर्वज येऊन बोलत, त्या जेरो सुकनीच्या ओसरीवर बसले होते. सुमेर्ताला नात झाली होती. तिच्या रूपानं घराण्यातलं कोणतं गेलेलं माणूस पुन्हा जन्माला आलंय, ते जेरोच्या तोंडून कळणार होतं. व्याही गुस्ती राका मुद्दाम आले होते. त्यांचं घराणं वरचं. "बघू तरी, तुमच्याकडचं कोण थोर माणूस आलंय," असं ते वाटेत दोनदा म्हणाले होते.

उदबत्तीचा धूर दाटला. जेरोची मान डोलू लागली आणि ती एकदम खणखणीत आवाजात म्हणाली, "कोला आलेय! ही फळं कशाला रचलीत? लेडोक कुठाय?"

राकांनी भुवया उंचावल्या. "कोला? हा कुठला हो 'मी'? तुम्ही जाणकार, तुम्हीच सांगा."

सुमेर्ताच्या अंगावर काटा आला. लेडोक म्हणजे मका नि कसाव्याची पेज, भात न पिकणाऱ्या बेटावरचं जेवण. आणि कोला! आईला जिवंतपणी तेवढा एकच, बेटावरचा 'मी' येत होता. पुजाऱ्यासमोर कोला, डुकरांसमोरही कोला. 'देवाला कळतं, मग तुझ्या क्लुंगकुंगला का कळू नये?' असं ती विचारायची.

मुलगा अर्तना कानाशी कुजबुजला, "बापा, दुसरंच कुणी भटकत आलं असेल. पुन्हा बोलवायला सांगू?"

तसं चाललं असतं. कुणी बोट दाखवलं नसतं. पण ओळख न देता परत पाठवलं, तर ती पुन्हा यायची नाही. सुमेर्ता तिचा स्वभाव ओळखून होता.

"गप्प का रे?" जेरोच्या तोंडून पुन्हा तोच आवाज आला. "जीभ शहरात गहाण टाकलीस?"

सुमेर्तानं आईपुढे, आपल्या मेमेपुढे, हात जोडले. इतक्या वर्षांत जिभेवर न आलेला 'कोला' किती सहज आला! "मेमे, कोला इथंच आहे. लेडोक उद्याच करतो, मासा घालून."

"मीठ बेतानं घाल. पोरगी लहान आहे."

सून खुदकन हसली. राकांना मात्र हसावं की रागवावं, कळेना. "कोण ही?"

"माझी आई. बेटावरची."

"म्हणजे आमची नात आमच्या घरी येऊन कोला म्हणणार?"

"म्हणेल की. बाकीचे सगळे 'मी' मी शिकवीन तिला. हा ती घेऊनच आलीय."

राकांनी बाळाकडे वाकून पाहिलं. पावलांना अजून माती न लागलेली ती पोर मुठी आवळून टक लावून बघत होती. "नजर तर दटावल्यासारखीच आहे," ते पुटपुटले आणि थोडे सावरून बसले.

बाहेर फाटकाशी ओळखीचे दोघे उभे होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "कोण आलं म्हणे घरी?"

नातीला छातीशी धरून सुमेर्ता थांबला आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कोलाची आई!"