पंपाच्या पट्ट्यावरची लाल चिंधी

मित्रांनो, मी एक जुनी लाल चिंधी आहे. जवळून पाहिलंत तर कडेला हिरव्या काठाचे चार धागे अजून दिसतील. एकेकाळी माझा तोरा काही कमी नव्हता.

मी रुखमाबाईच्या लुगड्यात होते. मुकुटबनच्या बाजूला तिचं शेत आहे. पावसाळाभर ती बायांच्या ओळीत बसून निंदण करी. खुरप्याने तण काढताना तरोटा, चिवळ, घोळ एवढं मात्र तिच्या ओटीत जाई. दिवसाचं तण संध्याकाळी भाजी होऊन चुलीवर शिजे. मला तो ओल्या पानांचा वास फार आवडायचा.

पुढे निंदणाला बाया मिळेनात. तिच्या नवऱ्याने, उकंडाने, तणनाशक आणलं आणि ज्वारीत आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधांवर, फवारलं. दोन दिवसांत तण पिळवटून वाकलं, आठवड्यात वाळलं. खोटं कशाला बोलू, काम झटपट झालं.

"एवढा एक धुरा सोडा, माह्या भाजीसाठी," रुखमाबाई म्हणाली. उकंडाने तो तेवढा सोडला.

पण ते औषध रुंद पानाचं सगळंच मारतं, आणि कपाशीचं पानही रुंदच असतं. फवारणीचा पंप एकदा खंगाळला म्हणून ते आतून जात नाही. म्हणून घरात दोन निळे पंप आले, एक तणाचा, एक किडीचा. दोन्ही अगदी सारखे. रुखमाबाईने जुन्या लुगड्यातून मला टर्रकन फाडलं आणि तणाच्या पंपाच्या पट्ट्याला बांधलं. लाल दिसलं की कपाशीत न्यायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक झालं. माझ्यावाचून आता पान हलत नाही, असं मला वाटू लागलं.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी रुखमाबाई त्या राखलेल्या धुऱ्यावरून तरोटा खुडून आली. जुडी बांधायला सुतळी सापडेना. तिने मला पट्ट्यावरून सोडलं, जुडीभोवती गुंडाळलं आणि शेजारच्या तानाबाईला नेऊन दिलं. तानाबाई एकटी राहते. तिची दोन एकर कपाशी, तिच्या बोलीत पऱ्हाटी, तेवढंच तिचं सगळं. तिने भाजी निवडली आणि मला दाराच्या खिळ्याला अडकवलं. चिंधी चांगली आहे, कामी येईल, असं ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती अंगणातूनच रुखमाबाईला विचारत होती, "पंप नेऊ काय व बाई? पऱ्हाटीवर तुडतुडे लय पडले."

"ने ना. फक्त लाल चिंधीचा नेजो नोको."

"पाहून घेतो," तानाबाई म्हणाली.

तिने खरंच पाहिलं असणार. दोन्ही पंपांवर कुठेच लाल नव्हतं, म्हणून तिने हाताशी आला तो उचलला. तो नेमका तणाचा पंप पाठीवर घेऊन ती माझ्याच समोरून शेतात गेली. मित्रांनो, मी खिळ्यावर जोराने हलले. वाऱ्याने चिंधी हलली, एवढंच तिला दिसलं असेल.

पाच-सहा दिवसांनी कपाशीच्या शेंड्याची पानं अरुंद झाली, मग आवळलेल्या बोटांसारखी वळली. तानाबाईला वाटलं, रोग पडला. ती रोज एक फांदी घरी आणून उंबऱ्यावर ठेवी आणि तिच्याकडे बघत बसे. मीही बघे. ती बोटं माझ्याकडेच वळली आहेत, असं मला वाटे.

मग रुखमाबाई आली. तिने फांदी हातात घेतली. असं पिळवटलेलं पान तिने धुऱ्यावर पाहिलं होतं. तिची नजर वर गेली आणि खिळ्यावर मी दिसले.

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. पण ती म्हणाली, "ताना, हे रोग नाही. हे चिंधी माह्या पंपाची व्हय. भाजी बांधाले म्याच सोडली, अन् इसरली."

पुन्हा पेरायचे दिवस निघून गेले होते. तानाबाईने मला खिळ्यावरून काढून रुखमाबाईच्या हातात दिलं.

"भाजी गोड होती व," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी पुन्हा पट्ट्यावर आहे. रुखमाबाईने मला सुईदोऱ्याने शिवून टाकलं आहे. तरी फवारणीच्या आधी ती तीन-तीनदा मला चाचपते. तानाबाईच्या शेतात त्या वर्षी बोंडं धरलीच नाहीत. वारा सुटला की मी फडफडते, आणि रिकाम्या शेतातही मला ती आवळलेली बोटं दिसतात.

मित्रांनो, माझ्यासारखी खूण कुठे बांधलेली दिसली, तर ती सोडू नका. अगदी कुणाला प्रेमाने भाजी द्यायची असली, तरीसुद्धा नाही.