बैठकीतली खुर्ची

घर पसंत होतं, किंमत जमत होती, सरकार हमी द्यायला तयार होतं. अडलं कुठे, तर एका खुर्चीत.

घर घेणारी शाळेची बस चालवायची. पोरं तिला बसताई म्हणायची, मग थोरही म्हणायला लागले. ती आणि तिची आई भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या, आणि महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा असं घरमालकाने बजावलं होतं. आगाऊ भरायला हातात दमडी नाही, अशा माणसाला कुठली बँक दारात उभं करते? पण खेड्यात घर घेणाऱ्यांसाठी सरकारची योजना होती. हप्ते बुडाले तर बँकेचं नुकसान सरकार सोसणार. त्या भरवशावर बँकेच्या बाई गोड बोलत होत्या. अटी दोनच : घर धड हवं, आणि राहण्यासाठी हवं, त्यात धंदा नको.

आणि घर होतं सलूनकाकांचं! बैठकीतच त्यांनी जन्मभर लोकांचे केस कापले. आता बायको गेली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि मुलीने तिच्या शेजारी त्यांच्यासाठी खोली बघितली होती. आरसा उतरवला, बाटल्या वाटून टाकल्या. राहिली ती खुर्ची. फिरणारी, लोखंडी पायाची, मान टेकायला गादी असलेली. काकांच्या वडिलांनी ती काँक्रीट ओतून जमिनीत बसवली होती. काढायची तर फरशी फुटणार, आणि फुटक्या फरशीच्या घराला हमी नाही. ठेवायची तर धंदा दिसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"काका, दुकान नक्की बंद केलंत ना?" बसताईने विचारलं.

"हो. म्हणजे, करतोय."

"करतोय म्हणजे?"

"अगं, जुनी माणसं येतात मागच्या दाराने. नाही कसं म्हणू?"

बसताईने कपाळाला हात लावला. आई मात्र शांत होती. ती म्हणाली, "चादर टाक खुर्चीवर. वर मी बसते. मला उठवून खाली बघायची कोणाची छाती आहे?"

हमीआधी घर बघायला सरकारचा तपासनीस आला तो असा, की जणू घराने त्याचं काही बिघडवलंय. कोरडा माणूस. नळ सोडून बघितले, छत बघितलं, जिन्याचा कठडा हलवून बघितला. मग बैठकीत येऊन चादरीसमोर थांबला. चादरीखालून लोखंडी पाय आणि वरून मानेची गादी अगदी व्यवस्थित दिसत होती. मध्ये आई वाटाणे सोलत होती.

"ही खुर्ची?"

"माझी," आई म्हणाली. "पाठीला बरी पडते."

"फिरते?"

"मी म्हटलं तर."

भिंतीवर आरशाच्या जागी पांढरा चौकोन राहिला होता, आणि त्यावर पाटी तशीच लटकत होती : फुकट नाही, उधार नाही. ती उतरवायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

ती पाटी म्हणजे काकांचा धर्म होता. फुकट कापलेले केस वाकडे वाढतात, असं त्यांचं म्हणणं. जावयाकडून लग्नाच्या दिवशी पैसे घेतले. सख्ख्या भावाकडून घेतले. बायको शेवटच्या आजारात होती तेव्हा तिचे केस कापले, तर तिने उशीखालून नाणं काढून दिलं. ते तिने आधीच काढून ठेवलं होतं. काकांनी तेही घेतलं, आणि गावात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तपासनीस पाटी वाचायला वळला, आणि त्याची मान काकांसमोर आली.

"अरेरे," काका म्हणाले. "हे कोणी कापलंय?"

"काका!" बसताई ओरडली.

"एक बाजू वर, एक खाली. असं बाहेर फिरू देतात का माणसाला? आई, उठा."

आणि जिला उठवायची कोणाची छाती नव्हती, ती वाटाण्यांसकट मुकाट उठली. काय सांगावं, तपासनीसही बसला! बिचाऱ्याला बहुधा त्या मानेवरून कोणीतरी आधीच बोललं असावं. काकांच्या खिशातून कात्री निघाली. म्हणे दुकान बंद! बसताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. गेलं घर, ती मनात म्हणाली, आता आईला घेऊन बसमध्येच राहायचं. तिला काकांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

काम झालं. तपासनीसाने मानेवरून हात फिरवला. मग उठून पाकीट काढलं आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "किती झाले?"

काकांचा हात सवयीने पुढे आला होता. त्यांनी हाताकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, मग खिडकीत उभ्या असलेल्या बसताईकडे. ती पाठमोरी डोळे पुसत होती.

"काही नाही," काका म्हणाले. "दुकान बंद आहे."

"कधी बंद केलंत?"

"आत्ता."

तपासनीसाने घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून घेतली. मग खाली लिहिलं : बैठकीत एक खुर्ची, घरगुती वापराची. पाकीट आत ठेवलं.

काका पुढे झाले, पाटी उतरवली, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून हातातच धरून उभे राहिले. बसताई वळली. आता आनंद व्हायला हवा होता, पण काकांचं तोंड बघून तिला तो करता येईना. तिने त्यांच्या हातातली पाटी घेतली आणि त्यांचा दंड धरून त्यांना खुर्चीत बसवलं. काका त्या खुर्चीत कधी बसलेच नव्हते. पाय कुठे टेकायचे हेही त्यांना कळेना.

दाराशी तपासनीस थांबला. हात पुन्हा मानेवर.

"पाटी वाचली मी," तो म्हणाला. "गावात ते वाकडं वाढण्याचंही ऐकलंय. केस वाकडे वाढले तर कुठे यायचं?"

काकांनी खुर्चीतूनच बसताईकडे बोट दाखवलं.

"त्यांना विचारा," ते म्हणाले. "घर त्यांचं आहे."