दामूच्या कानातला गंधार

दामूने पेटी तिसऱ्यांदा उघडली आणि सूर जुळवायला गंधाराची पितळी रीड ब्लेडने पुन्हा घासली. दिघाशीहून भिवंडीत येऊन तीस वर्षं त्याने लूमवर शिफ्ट केली आणि उरलेल्या वेळात भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवली. सुराच्या बाबतीत हा गडी सख्ख्या बापाचंही ऐकणारा नव्हता. गेल्या महिन्यात भर कार्यक्रमात त्याने रवींद्रला, आपल्या लहानपणापासूनच्या गायक मित्राला, बेसूर म्हणून थांबवलं. "पेटी बघ आधी," रवींद्र म्हणाला, तर हा म्हणे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" रवींद्र उठून गेला तो परत आला नाही.

तो गेला, तरी सुरांतली किरकिर राहिलीच. षड्जाबरोबर गंधार धरला की दामूच्या डोक्यात कुणी पत्रा घासतंय असं वाटे.

लेक धम्मदिना गणितात एम.एस्सी. करत होती. कुठले दोन सूर एकत्र गोड लागतात आणि कुठले टोचतात, हे आकड्यांत मांडायचं, हाच तिचा प्रकल्प. तिने रीड घासण्याआधीचं, त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग घेतलं, तिनेच करवून घेतलेल्या दामूच्या कानाच्या तपासणीचे आकडे त्यात घातले आणि दोन आलेख त्याच्यापुढे ठेवले.

"बाबा, हा आमच्या कानांचा. सा आणि ग एकत्र वाजले तर किरकिर एवढीशी. आणि हा तुमचा."

दुसऱ्या आलेखात त्याच जागी उंच टेकाड होतं.

"म्हंजे रीड बिघडलीय."

"घासायच्या आधी चांगली होती." तिचा आवाज बारीक झाला. "कानात सुरांसाठी खण असतात, असं समजा. दोन सूर एकाच खणात आले की भांडतात. लूमच्या आवाजाने तुमच्या खणांमधल्या फळ्या पडल्यात."

दामूने ब्लेड बाजूला ठेवलं.

"आणि रवी?"

"काका सुरातच होते."

दामूला इतकी लाज वाटली की त्याने पेटी बंदही केली नाही. तशीच काखेत मारून तो रवींद्रच्या दारात गेला. रवींद्रने दार उघडलं, पण ये म्हटलं नाही.

"तू बेसूर न्हवतास. माझेच कान गेलेत," दामू म्हणाला. "पेटी आता तू जुळव, मी वाजवतो. गोड लागलं की मान हलव. मला न्हाय कळायचं. तुझ्याकडं बघूनच समजंन."