हंड्यावर सांडलेली शाई

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. शिवाय माझा कुणावर चटकन विश्वासही बसत नाही. तरी सांगतो. कुठे चुकलो तर रिकामे भांडे म्हणून सोडून द्या.

भिवंडीच्या बाजारात एका तांबटाने मला ठोकून घडवले. दापोड्याच्या राहीबाईला तिच्या वडिलांनी लग्नात मला दिले आणि माझ्या गळ्यावर तिचे नाव कोरून घेतले. वीस वर्षे मी तिच्या डोक्यावरून विहिरीचे पाणी आणले. दर सोमवारी ती मला चिंचेने घासायची. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "राहीबाईचा हंडा हाय का आरसा?"

१९८३ साली मला परसातून कोणी तरी उचलले. पुढे मी एका भंगाराच्या दुकानात सापडलो. पोलिसांनी माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली, लाखेची मोहोर लावली आणि पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत ठेवले. खटल्यासाठी ताब्यात घेतलेल्या वस्तूंना मुद्देमाल म्हणतात. मीही मुद्देमाल झालो.

साक्षीसाठी राहीबाईला सात वेळा कोर्टात यावे लागले. सातव्या वेळी चोराच्या वकिलाने तिला विचारले, "हे नाव तुम्ही चोरीनंतर कोरून घेतलं नाही कशावरून?" चोराला शिक्षा झाली, मला परत देण्याचा हुकूमही झाला, पण मला न्यायला कोणी आले नाही. माझ्यावर हिरवा थर चढला. ती मला विसरली असावी, किंवा मी मुळातच तितका चांगला हंडा नसेन, असे मला वाटू लागले.

१९९१ साली त्या खोलीचा ताबा वाल्मीक हवालदाराकडे आला. मला पहिल्या दिवसापासून त्याचा संशय आला. दुपारी ड्युटी संपली की तो आत येई, दार लोटी, मला पालथे घाली, माझ्या चेपलेल्या बुडावर फळी ठेवी आणि लिहीत बसे. आमच्या चिठ्ठ्यांवरची मालकांची नावे तो वहीत उतरवी. बाहेर पावले वाजली की वही झाकी. हा चोरच गणवेश घालून आला आहे, असे मी ठरवून टाकले. त्यात एकदा त्याची दौत लवंडली आणि निळी शाई माझ्या पोटावर ओघळली. पुसायचा त्याने प्रयत्न केला, पण डाग राहिला तो राहिलाच.

संशय मला एकट्यालाच नव्हता. हवालदार रामनाथ दारातून विचारायचा, "काय प्रोफेसर, ठाण्याच्या भानगडी लिहून वर धाडताय काय?"

"एम.ए.चा अभ्यास आहे, रामनाथ."

"केस पांढरे झाले, आता कसलं एम.ए.?"

हळूहळू मला उलगडा झाला. वाल्मीक विद्यापीठाचा पोलीस प्रशासनाचा एम.ए. टपालाने करत होता. त्याला फौजदार व्हायचे होते आणि त्यासाठी ही पदवी हवी होती. वयाच्या सवलतीचे हे शेवटचे वर्ष होते, आणि प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता. खटले संपल्यावरही मुद्देमाल मालकाकडे का जात नाही, हा त्याचा विषय होता. पण मालकांना विचारायला गेला की दारातला पोलीस पाहून सगळे म्हणत, "आमचं काय चोरीला गेलंच न्हाय." मालकांची उत्तरे नाहीत तर प्रबंध नाही, आणि प्रबंध नाही तर पदवी नाही.

मग त्याने राहीबाईला साधे पोस्टकार्ड टाकले. ती आली. तिला पाहून माझ्यात पाणी असते तर हिंदकळले असते.

"मावशी, हा हंडा तुमचा ना?"

"न्हाय."

"नाव तर तुमचंच आहे."

"दापोड्यात राहीबाई काय मी एकलीच हाय?"

दारातून रामनाथ हसला. "प्रोफेसर, आता हंड्यालाच विचारा!"

मी काय सांगणार होतो? राहीबाई जायला वळली. तेवढ्यात तिची नजर माझ्या पोटावर गेली.

"अगं बाई! माझ्या हंड्यावर ही शाई कुणी सांडली?"

तिने पदर तोंडावर धरला. रामनाथ ओरडला, "सापडली! लिहून घ्या, अंगठा घ्या!"

मी वाल्मीककडे पाहिले. त्याला हवे होते ते मिळाले होते. पण त्याने लेखणी खाली ठेवली.

"मी इथं कुणाला पकडायला बसलो नाही, रामनाथ. तू बाहेर जा." मग तो तिच्याकडे वळला. "शाई माझ्या हातून सांडली मावशी, चुकलं. तुमचं 'नाही' मी 'नाही' म्हणूनच लिहितो. फक्त हंडा नको का म्हणता, तेवढं सांगाल? तुमचं नाव लिहिणार नाही. अंगठाही नको."

"पोलीस, आन् अंगठा नको?" तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "मंग कागद कशाला?"

"माझ्या परीक्षेला."

"अन् नापास झालात तर?"

"हवालदारच राहीन."

ती जमिनीवर बसली आणि बोलू लागली. सात तारखांना बुडालेली सात दिवसांची मजुरी, वकिलाचा प्रश्न, आणि आता पुन्हा ठाण्यातून आलेला कागद, सगळे तिने सांगितले. मित्रांनो, ती मला विसरली नव्हती. मला आपले म्हणण्याचीच तिला धास्ती बसली होती. आणि मी इतकी वर्षे तिच्यावर रुसून होतो.

त्या दिवशी ती मला न घेताच गेली. पण सोमवारी परत आली. पदराच्या गाठीत चिंच होती. तिने रामनाथसमोर मला खसाखसा घासले, नाव उघडे केले आणि म्हणाली, "आता आणा तुमची पावती. अंगठा कुठं लावू?"

वाल्मीक पास झाला असे ऐकले. फौजदार झाला की नाही, मला ठाऊक नाही. एकदा तो साध्या कपड्यांत दापोड्याला आला होता. राहीबाईने आधी कडी लावली, फटीतून पाहिले, आणि मगच दार उघडले. चहा मात्र दोनदा दिला.

आता मी गळका झालो आहे. परसात पडून असतो. कोणी जवळ आले की याला काय हवे असेल, असे अजूनही माझ्या मनात येते. ती खोड जाणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा काळवंडलेला हंडा असेल, तर तो कुणाचा, कुठून आला, हे त्याला लगेच विचारू नका. आधी थोडी चिंच लावा.