आरशाच्या जागी

आसेगावजवळच्या तांड्यावर स्नेहाचे फेरे चालले होते आणि तिचा बाप बादल मंडपात नव्हता. तो घरात सोयाबीनच्या पोत्यांमागे वाकून एक नाणं शोधत होता.

नाणं आपलं म्हणायचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लोकांनी चिल्लर दडवून ठेवली, तेव्हा तिथे टपालाची तिकिटं पितळेच्या चपट्या डबीत बसवून, वर अभ्रकाचा पापुद्रा लावून पैसा म्हणून चालवली. पोस्टात बाबू असलेल्या बादलला या डब्यांनी झपाटलं होतं. अकरा वर्षं पत्रं लिहून, लोकांच्या विनवण्या करून त्याने गुलाबी तिकिटाची एक मिळवली होती. उद्या ती नागपूरच्या प्रदर्शनात मांडायची होती, खाली त्याच्या नावाची पाटी लागणार होती. आणि सकाळपासून डबी गायब!

"तू उचलली काय?" त्याने बायकोला, निताला, चौथ्यांदा विचारलं.

"पोरीचं लगन हाये आज. मी कायले उचलू तुमची डबी? मंडपात चाला!"

मंडपात गेला, पण जीव थाऱ्यावर कुठला! पंगतीत व्याही जिलेबीचा आग्रह करत होते आणि याचं लक्ष त्यांच्या कोटाच्या खिशाकडे. माणसाला लाज म्हणून काही असते; बादलची त्या दिवशी रजेवर होती. दोन घास खाऊन तो पुन्हा घरात शिरला, गाद्या उलथ्यापालथ्या केल्या, पाहुण्यांच्या पिशव्यासुद्धा चाचपल्या.

उन्हं कलली तशी पाठवणीची वेळ झाली. बादलची आई रामीबाई हिने दोन महिने खपून नातीसाठी जुन्या तऱ्हेची ओढणी भरली होती, नाण्यांची अन् आरशांची. ती स्नेहाच्या डोक्यावर घातली आणि खांद्यापाशी काहीतरी गुलाबी चमकलं. बादल आईकडे धावला.

"याडी, हे कुठून आणलं?"

"एक आरसा पडला होता बाप्पा. तुह्या टेबलावर हे दिसलं. आतमंदी गोरा म्हातारा हाये, पण चमकते चांगलं!"

म्हातारीने डबी चहूबाजूंनी टाके घालून पक्की बसवली होती. भोक नाही, ओरखडा नाही. चार-दोन टाके कापले की सुटली असती. बादलने निताच्या शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री हळूच आणून मुठीत धरली. गर्दीत कुणाला कळणार?

तांड्याच्या रिवाजाप्रमाणे स्नेहा एकेकाच्या गळ्यात पडून सूर लावून रडत होती. आजी झाली, आई झाली. मग ती बापाच्या गळ्यात पडली. बादलने तिला कवटाळलं. एक हात पाठीवर, दुसरा खांद्यावर. पहिला टाका कापला गेला.

स्नेहाचा सूर थांबला.

"बापू," ती हळूच म्हणाली, "तुमी मले पोटाशी धरून राह्यले का तिकीट काढून राह्यले?"

ती मागे सरकली, डोळे पुसले आणि खांदा त्याच्यापुढे करून उभी राहिली.

"काढा. लवकर काढा."

बादलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कात्री खाली टाकली, दोन्ही हात पसरले. पण स्नेहा वळून आत्याच्या गळ्यात पडली होती, तिचा सूर पुन्हा लागला होता, आणि बापाची पाळी होऊन गेली होती.