चौदा नंबरचा टाका

इन्स्पेक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या बायकोच्या शिलाई मशीनचे दिवस भरले.

सगळी नोकरी त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती. इमारतीत अजूनही सगळे त्यांना इन्स्पेक्टरच म्हणत आणि तेही खुशीने ओ देत. तराजू सुटले तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. फ्रिज झाला, पंखे झाले, शेगडी झाली. मग खिडकीजवळच्या मशीनची पाळी आली. लेकीने आईला दिलेलं, विजेवर चालणारं मशीन. त्याचं माहितीपुस्तक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेलं नव्हतं. इन्स्पेक्टरांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवून ते स्वयंपाकघरात गेले.

"अगं, या मशीनमध्ये चाळीस प्रकारचे टाके आहेत. तू किती वापरतेस?"

"एक. सरळ."

"म्हणजे बाकीचे वाया?"

"जीभसुद्धा एकच असते," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली. "तुमचं कुठे काही अडतं?"

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर स्वतःच मशीनवर बसले. पहिल्याच फेरीत कापडाच्या खाली दोऱ्याचं असं काही घरटं झालं की त्यात चिमणी सुखाने नांदली असती. दुसऱ्या फेरीत सुई मोडली. बायको दारात उभी राहून शेंगा सोलत होती. मशीनचा पाय खाली टेकवल्याशिवाय शिवायचं नसतं हे तिला माहीत होतं. पण तिला विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची तिला सवय नव्हती. शिवाय तमाशा फुकट होता.

पण गडी चिवट. पुस्तकात लिहिलं होतं तसं त्यांनी ब्रशने आतला कचरा काढला, जाड कापडाला जाड सुई आणि पातळाला पातळ लावली, आणि प्रत्येक टाका आधी चिंधीवर करून बघितला. हळूहळू हात बसला. मग काय, माकडाच्या हाती कोलीत! मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटला कव्हर, चष्म्याच्या डबीला कव्हर. सगळं एकाच निळ्या चौकड्याच्या जुन्या चादरीतून. बायको एकदा चहा करायला गेली आणि कव्हर उचलून बघते तो खाली साखरेचा डबा नाही, इस्त्री.

"अहो, मला तरी शिवू नका," ती म्हणाली.

अशात त्यांना बदकाचा टाका सापडला. मशीनवर आकड्यांची एक चकती होती आणि बाजूला एक छोटा खटका. खटका वर असला की साधे टाके, खाली ओढला की नक्षीचे. चौदा आकड्यावर खटका खाली ओढला की बदकं. एकामागोमाग एक, चोच पुढे आणि शेपूट वर. इन्स्पेक्टरांनी पिवळा दोरा भरला आणि घरातल्या सगळ्या टॉवेलांवर बदकं चालवली.

त्याच आठवड्यात जावई आले. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. माणूस शांत, मोजकं बोलणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या सभागृहात त्यांचं भाषण होतं आणि नवी काळी पँट टाचेखाली लोळत होती. सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या.

"कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे टाकतो," जावई म्हणाले.

"घरात मशीन असताना? आणा इकडे, जावईबापू!"

इन्स्पेक्टरांनी पुस्तक उघडलं. पँटची दुमड: टाका क्रमांक चौदा, साधा. त्यांनी वर काळा दोरा ओवला. चकती चौदावरच होती, ती तशीच ठेवली. दुमड आतल्या बाजूने शिवायची म्हणून पँट उलटी केली आणि सुरू झाले. जावई बाहेर वाट बघत होते, म्हणून तेवढं चिंधीवर करून बघायचं राहिलं. मशीन थोडं मागे-पुढे करत होतं. इन्स्पेक्टर मनाशी म्हणाले, काम पक्कं होतंय. काळ्यावर काळा, काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. जावयांनीही पँट आतूनच बघितली, "छान," म्हणाले, आणि घडी घालून पिशवीत ठेवली.

सकाळी जावई अंधुक उजेडात तयार होऊन निघून गेले. बायको परत आली, एक उसवलेली उशी घेऊन मशीनवर बसली, आणि तिने खालच्या दोऱ्याची बॉबिन बाहेर काढली.

"अहो, जावयांची पँट शिवली ना तुम्ही?"

"शिवली. काळ्या दोऱ्याने."

"वरून काळा. खाली पिवळा आहे." तिने खटक्याकडे बघितलं. "आणि हा खाली ओढलेला आहे."

इन्स्पेक्टरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आतून शिवलं की खालचा दोरा बाहेरच्या बाजूला येतो! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टाके उसवायचं हत्यार खिशात टाकून ते टॅक्सीत बसले. बायकोही बसली. तिला हे चुकवायचं नव्हतं.

सभागृहात जावई मंचावर सोफ्यावर बसले होते, पायावर पाय टाकून. पहिल्या रांगेच्या बरोबर डोळ्यांसमोर पिवळ्याजर्द बदकांची मिरवणूक घोट्याला प्रदक्षिणा घालत होती. पहिल्या रांगेतल्या बायका रुमालात तोंड लपवत होत्या.

इन्स्पेक्टर भिंतीच्या कडेला उभे राहिले आणि जावयांची नजर पडताच जोरजोरात खाली बोट दाखवू लागले. खाली, खाली!

जावयांनी खाली बघितलं, पण घोट्यापर्यंत नाही. ते वाटेतच थांबले. चेहरा लालबुंद झाला. झटकन फाईल मांडीवर घेतली आणि फाईलीआडून चेन चाचपली. चेन लावलेली होती. त्यांनी प्रश्नार्थक बघितलं. इन्स्पेक्टरांनी आणखी जोरात बोट दाखवलं. जावयांनी चेन पुन्हा चाचपली. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं, आणि त्यांनी सगळं भाषण ती फाईल कमरेखाली घट्ट धरून केलं.

चहाच्या सुट्टीत त्यांनी सासऱ्यांना गाठलं. "बाबा, चेन लावलेली आहे!"

"चेन नाही हो. बदकं!"

स्वच्छतागृहात जावई भिंतीला टेकून उभे राहिले आणि इन्स्पेक्टर गुडघ्यांवर बसून उसवू लागले. इतक्यात दार उघडून कंपनीचे सर्वात मोठे साहेब आत आले.

"हे कोण?"

"सासरे," जावई म्हणाले.

"आणि पाय का धरलेत?"

जावयांनी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हसू बाहेर आलं. दाबून दाबून कोंडलेलं, पाणी काढणारं हसू. इन्स्पेक्टरांना आधी भीती वाटली, मग तेही हसायला लागले. साहेबांनी वाकून बघितलं, "बदक आहे का हे?" म्हणाले, आणि हात न धुताच बाहेर जाऊन ही बातमी सगळ्यांना सांगितली. सुट्टी संपेपर्यंत एकच पाय उसवून झाला होता. जावई एका पायावर बदकं आणि दुसऱ्याची दुमड सुटलेली, असे मंचावर गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या भाषणाला एवढ्या पडल्या नव्हत्या.

घरी आल्यावर इन्स्पेक्टरांनी मशीनची वायर काढून गुंडाळली.

"कशाला आवरताय?" बायकोने विचारलं.

"झाली तेवढी शोभा पुरे."

तिने कपाटातून एक नवा पांढरा शर्ट काढला. शिवून तयार होता, पण बटणपट्टी कोरीच.

"मला काजं येत नाहीत," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आजवर बाहेरूनच करून आणली. मशीनमध्ये आहे म्हणतात काहीतरी. तुमच्या पुस्तकात आहे का?"

इन्स्पेक्टरांनी तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदाच काही शिकवायला सांगितलं होतं. ते खुर्ची ओढून बसले, मग उठले, आणि ती खुर्ची तिला दिली.

"आहे की. तू बस, मी सांगतो. पण आधी बॉबिन बघ."

"बघितली," ती म्हणाली. "पांढरीच आहे."